सोडतीच्या पिंपात कुणाचा हात

सोडतीचं पिंप उघडलं आणि आत एकाच मुलाच्या नावाच्या मूठभर चिठ्ठ्या सापडल्या. डॅरियस प्युरिफॉय. शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष ओटिस प्युरिफॉय यांचा नातू. निघालेली चिठ्ठीही त्याचीच.

फोन जाताच राज्याच्या तपासनीस व्हर्लीन टॅकेट टोलेडोतल्या त्या चार्टर शाळेत, म्हणजे सरकारी पैशावर खासगी मंडळ चालवतं अशा शाळेत, येऊन थडकल्या. बालवर्गात जागा एकच उरलेली आणि अर्ज ढीगभर; अशा वेळी कायद्याने सर्वांदेखत सोडत काढावी लागते. लबाडी सिद्ध झाली तर शाळा चालवायची सनद रद्द होऊन शाळेला टाळं लागणार होतं.

पालक अध्यक्षांच्या नावाने खडे फोडत होते. पिंपाची किल्ली त्यांच्याच खिशात होती ना!

"नातवाच्या चिठ्ठ्या तुम्ही टाकल्यात?" टॅकेटनी विचारलं.

"मी कशाला टाकू? त्याची बहीण इथेच तिसरीत आहे. भावंडांना सोडतीआधीच जागा मिळते. घसा फोडून सांगतोय मघापासून, ऐकतंय कोण?"

सगळ्यांत मोठा आवाज जोलीनचा होता. तिच्या मुलीचाही अर्ज होता. पिंप उघडा, म्हणून हट्ट धरला तोही तिनेच.

"हे तुला सुचलं कसं?" टॅकेटनी तिला विचारलं.

"बोड्नारबाई कानात म्हणाल्या, उघडायला लाव म्हणून."

बोड्नारबाई याच इमारतीतल्या जुन्या शाळेत शिकवायच्या. ती शाळा बंद करून इमारत प्युरिफॉयनी मिळवली. बाईंचं मूलबाळ या शाळेत नाही, म्हणून चिठ्ठी त्यांनी काढावी असं सर्वांनी ठरवलं होतं.

टॅकेट त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. "बाई, पिंपात नावं कोणाकोणाची असतात?"

"अर्ज केलेल्या सगळ्यांची. आणखी कोणाची असणार?"

"तुमच्या शाळेत प्रवेश कसा व्हायचा?"

"गल्लीतलं पोर गल्लीतल्या शाळेत. मुलांच्या चिठ्ठ्या उडवायची वेळ आमच्यावर कधी आली नाही."

टॅकेटनी पालकांना गोळा केलं. त्या म्हणाल्या, "ज्याची जागा पक्की, त्याच्यासाठी कोण लबाडी करेल? या शाळेचा नियम ज्याला माहीत, त्याने डॅरियसचं नाव निवडलंच नसतं. म्हणजे चिठ्ठ्या टाकणारा माणूस बाहेरचा. पिंप तुमच्यासमोर भरलं, तुमच्यासमोर बंद झालं. त्यानंतर आत हात गेला तो एकाच बाहेरच्या माणसाचा. त्याला जागा नको होती, चोरी उघड व्हायला हवी होती. बाई, जरा बाही झटकता?"

बाईंनी झटकली. चुरगळलेली एक चिठ्ठी जमिनीवर पडली.

"त्याने कायद्याचा कागद दाखवून माझी शाळा बंद केली," बाई प्युरिफॉयकडे बघत शांतपणे म्हणाल्या. "मला त्याची शाळा त्याच कायद्याने बंद करायची होती. लोकांनी त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हटलं, तेवढं ऐकायला मिळालं. बरं वाटलं."

सनद राहील, सोडत पुन्हा होईल, असं टॅकेटनी जाहीर केलं. जोलीन मात्र बाईंसमोर येऊन उभी राहिली.

"बाई, माझ्या पोरीची चिठ्ठी होती त्यात. मी तुमच्या हाताखाली शिकले आणि तुम्ही मलाच पुढे केलंत?"

"पोरीची चिठ्ठी आहे हे ठाऊक होतं मला," बाई म्हणाल्या. "माझी शाळा बंद करा म्हणून सभेत तू हात वर केलास, तेव्हा मी तुझ्या मागच्याच रांगेत बसले होते."