तासलेल्या चेहऱ्यातले डोळे

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. ज्याच्यावर हे गुदरलं तो मोतुक्को पाथरवट माझा सख्खा काका. आमच्या ट्रेव्हेरी शहरात, चौकातल्या दरबार-दालनात, ऐन थंडीतल्या एका संध्याकाळी घडलेली गोष्ट.

सम्राट अव्हेंतिनस मेंढपाळाचा पोर. सैनिकांनी ढालीवर उचलून त्याला गादीवर बसवलं. दुष्काळात त्याने आमच्या गावाला राजकोठारं उघडून दिली. देवमाणूस.

आणि एके दिवशी स्नानगृहात...

त्याच्याच अंगरक्षकांनी त्याचा गळा आवळला. त्यांचा सरदार नवा सम्राट झाला.

हुकूम सुटला. जुन्याचं नाव पुसा. दालनातला त्याचा पुतळा मोडू नका, तोच चेहरा तासून नव्याचा करा.

आमच्याकडे रीतच आहे ती. संगमरवर दुरून येतो.

काकाने दाढी उडवली, नाक बारीक केलं. डोळे तेवढे तसेच ठेवले. पुतळ्यात सम्राटाची नजर वर, देवाकडे असते. ती बदलायची कशाला?

पहाऱ्यावर होता काकाचाच जावई, सेनोरिक्स. अंगरक्षक दलातला. काकाची लेक लित्ता तेव्हा गरोदर होती.

"आटपा सासरेबुवा! न्हावीसुद्धा दाढीला एवढा वेळ लावत नाही."

"न्हाव्याचं गिऱ्हाईक हलतं तरी, जावईबापू."

दोघे हसले.

तिसरंही कुणीतरी हसलं...

शेजारच्या ख्रिस्ती देवळात स्तोत्र रंगात आलं होतं. ते थांबलं. अर्ध्या शब्दावर.

काकाने छिन्नी खाली ठेवली.

ठोके चालूच होते...

दगडाच्या आतून.

त्याने वर पाहिलं. डोळे देवाकडे नव्हते. ते खाली वळले होते, सेनोरिक्सवर.

"काय केलंस रे तू?"

सेनोरिक्स चुन्यासारखा पांढरा पडला. "पट्टा माझ्या हातात होता, मामा. तो माझ्याकडेच बघत होता. शेवटपर्यंत."

काकाने घण उचलला. "फोडतोच याला!"

सेनोरिक्स आडवा आला. "वेड लागलंय? आता हा नव्या धन्याचा चेहरा आहे. ओरखडा उठला तरी तुमची मान जाईल."

"अरे, तो तुला सोडायचा नाही!"

"नाही सोडणार. पण लित्ताला बाप तरी राहू दे."

पुतळ्याकडे पाठ करून तो उभा राहिला.

दिवा विझला...

काकाने चाचपडत त्याचा हात धरला. गार.

दिवा लागला तेव्हा सेनोरिक्स उभाच होता. श्वास नव्हता. गळ्याभोवती पट्ट्याचा वळ.

पट्टा कुठेच नव्हता.

लित्ताला मुलगा झाला. काका देवळात दोघा मेलेल्यांसाठी हात जोडतो. ते डोळे मात्र आता राजवाड्याकडे वळलेत.

परवा राजवाड्याचा कारभारी आला. ईस्टरला नवे सम्राट येणार, आपल्या मूर्तीपुढे स्वतः धूप जाळणार.

"मूर्ती तयार आहे ना रे?"

"आहे, सरकार," काका म्हणाला. "वाट बघतेय."

ईस्टरला अजून अवकाश आहे. त्या दालनावरून जायची वेळ आली, तर मी दुसऱ्या गल्लीने जातो...