नॅव्हनच्या टेकाडावरचे गुरुवार

तो भर पावसात टेकाडाच्या माथ्यावर पालथा पडला होता. गवताला कान लावून.

मी धावतच वर गेले. नॅव्हनच्या टेकाडावर लोकांना फिरवून इतिहास सांगणं हे माझं काम. कुणी मरून पडलं तर काय करायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

"अहो... बरं वाटत नाहीये का?"

"शूऽऽ! ऐकतोय." एक डोळा उघडला – करडा, मिश्कील. "आयर्लंडच्या जुन्या राजांनी इथे एवढं मोठं लाकडी घर बांधलं, दगडांनी गच्च भरलं, स्वतःच पेटवलं आणि वर माती लोटली. का?"

"दोन हजार वर्षं झाली. कुणालाच माहीत नाही."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"रागानं... असेल?"

"राग इतका नीटनेटका नसतो हो."

त्याचं नाव वेस्ली. आमच्या आर्मा गावच्या जुन्या कॅथीड्रलची डागडुजी करणारा पाथरवट. मग दर गुरुवारी नवा प्रश्न घेऊन यायचा. संत पॅट्रिकनं चर्चसाठी राजांच्या या टेकाडाच्या इतक्या जवळचीच टेकडी का निवडली? त्यानं तर्क मांडायचा, मी खोडायचा. तिसऱ्या गुरुवारी 'अहो' कधी गळून पडलं, कळलंही नाही.

आमच्या गावात टेकड्या दोन, कॅथीड्रल दोन, दोन्ही पॅट्रिकच्याच नावाची. एक आम्हा कॅथलिकांचं, जुनं ते प्रॉटेस्टंटांचं. नुसत्या नावावरून माणूस कुठल्या टेकडीचा ते कळतं.

"वेस्ली?" डॅडींनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे तिकडचा." आणि पेपर उघडून तोंडासमोर धरला. तेच जास्त लागलं.

जूनमध्ये त्याचं काम संपत आलं. "सोमवारपासून इंग्लंडात, यॉर्कच्या कॅथीड्रलवर," तो म्हणाला. "दोन वर्षं."

आणि मी काय म्हटलं? "अरे वा!" मूर्ख कुठली!

शनिवारी त्याची टेकडी चढले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. तो परांचीवरून घाईघाईनं उतरला.

"ब्रोना? तू... इथे?"

"यॉर्कला दगड आहेत, कबूल. पण तुझे तर्क खोडायला कोण आहे तिथे?"

"कुणीच नाही." तो हळूच म्हणाला, "एकदा 'राहा' म्हण ना..."

"राहा."

"का?"

"प्रत्येक गोष्टीला 'का' काय रे! – आवडतोस म्हणून."

तो हसला, मग त्यानं खाली पाहिलं. खाली बाजार भरला होता. माझी मावशी, डॅडींचे दोस्त, सगळे तिथेच.

"मागच्या वाटेनं उतरूया?"

"नको. बाजारातून," मी म्हटलं, आणि त्याचा चुन्यानं माखलेला हात घट्ट धरला.