सापिट्वावरचं ताट

डोंगर सगळ्यांनाच आवडतो, पण बिस्किटाचा रिकामा कागद खाली आणायचा म्हटलं की चढणाऱ्यांचे खिसे फाटके निघतात. म्हणून दर वर्षी पाऊस संपला, चहाच्या मळ्यातली तोडणी जरा हलकी झाली, की पायथ्याच्या गावातली काही माणसं रिकामी पोती घेऊन मुलांजेच्या डोंगरावर कचरा वेचायला जायची. त्याचे पैसे कुणी देत नसे, कुणी मागतही नसे. वरचंच पाणी आपल्या घागरीत येतं, एवढं कारण त्यांना पुरे होतं.

त्यांच्यात नाम्बेवे सगळ्यात वयस्क. ही सफाई तिच्या एकुलत्या एका मुलाने, मसाउकोने सुरू केली होती. सापिट्वा या सगळ्यात उंच शिखराखाली राहून गेलेलं भरलेलं पोतं आणायला तो एकटाच माघारी फिरला, तेवढ्यात धुकं उतरलं. पोतंही आलं नाही आणि तोही नाही. माणसांनी दगड न् दगड पालथा घातला. चर्चमध्ये प्रार्थना झाली, पण पुरायला काहीच नव्हतं, म्हणून नाम्बेवेने कबर खणू दिली नाही. पुढच्या वर्षी तिने त्याच्या जागी पोतं उचललं.

ती काय वेचायला येते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाला चपलेचा पट्टा, कापडाची चिंधी सापडली की पोत्यात टाकण्याआधी ती तिच्यापुढे धरायचे. ती उलटसुलट करून बघायची आणि मान हलवायची. मग ती वस्तू पोत्यात जायची.

त्या दिवशी सापिट्वाच्या खालच्या कातळावर सगळे टेकले होते. बाजारात तळलेल्या गोड गोळ्या विकणारी एनिफा पाय चोळत म्हणाली, "मलेमियाबाबा, तुम्ही म्हणता इथे वरती आयतं जेवण मांडलेलं सापडतं. मग मी घरून शिजवून का आणते हो?"

मलेमिया हा म्हातारा हमाल. साहेबांच्या पेट्या डोक्यावरून नेण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याने हसणाऱ्यांकडे बघितलं, पण स्वतः हसला नाही.

"सापडतं कुणाकुणाला. मक्याच्या पिठाची गरम न्सीमा, कधी केळी. ज्याच्यासाठी मांडलंय त्याने गप खावं नि वाट धरावी. कुणी मांडलं म्हणून विचारायचं नाही, हाक मारायची नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही."

"मी नाही काढणार. ताट चाटून ठेवीन!"

"तू? तू झोपेतसुद्धा बडबडतेस, एनिफा. तुझा नवरा सांगत होता."

हशा झाला. नाम्बेवे मात्र हळूच म्हणाली, "आणि बोललं तर?"

मलेमियाचं तोंड उतरलं. "तर मांडणारा पुन्हा मांडत नाही, मसाउकोची आई. चला, उठा आता. चिपेरोनी येतेय."

चिपेरोनी म्हणजे तिकडची झिमझिम. ती पडत नाही, अंगावर बसते. बघता बघता कडे पुसले गेले, मग झाडं पुसली गेली. सगळे एकमेकांना हाका देत उतरू लागले. तेवढ्यात नाम्बेवेला गवतात बिस्किटाचा निळा कागद दिसला. तिने वाकून उचलला. चार पावलांवर दुसरा होता. त्याच्या पुढे, दगडाच्या खोबणीत, तिसरा. असा कागदामागून कागद वेचत ती कुठे वळली ते तिचं तिलाच कळलं नाही. मग हाताला जाणवलं, हवेत इतकी ओल, तिची ओढणी गच्च भिजलेली… आणि कागद मात्र कोरडे होते.

तिने कानोसा घेतला. एनिफाची बडबड थांबली होती. पाण्याचा आवाजही नव्हता. धुक्यातून सीडारच्या लाकडाचा धूर आला आणि त्यामागून टोमॅटोत परतलेल्या वाळक्या मासळीचा वास.

मोठ्या शिळेच्या आडोशाला चटई अंथरलेली होती. तिच्यावर झाकलेलं ताट. तिने झाकण काढलं तशी वाफ तोंडावर आली. न्सीमाचे पांढरे गोळे, बाजूला मासळी.

नाम्बेवे चटईवर बसली, हात धुवायला म्हणून सवयीने पुढे धरले, आणि तिच्या उजव्या खांद्यामागून कोमट पाण्याची धार हातांवर पडू लागली.

मोठ्यांच्या हातांवर पाणी घालावं ते लहानाने, गुडघे वाकवून. ती रीत तिनेच मसाउकोला शिकवली होती. भांडं धरलेला हात तिला दिसला. अंगठ्यावर चहा छाटायच्या कोयत्याचा जुना वण होता.

तिने किंकाळी दातांखाली चिरडली. मान वळवली नाही. तिला सगळं लख्ख समजलं होतं. गप जेवायचं आणि निघून जायचं. म्हणजे पुढच्या वर्षी तो पुन्हा मांडील, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. वर्षातून एक जेवण, हातांवर एकदा त्याच्या हातचं पाणी. एवढ्यावर उरलेला जन्म काढायला ती तयार होती. गुडघे साथ देतील तोवर, आणि नाही दिली तर रांगत ती आली असती.

तिने पहिला घास घेतला. पिठाची गुठळी दाताखाली आली. मेल्याला न्सीमा कधी घोटता आली नाही! तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे वाहायला लागले, तरी ओठ तिने घट्ट मिटून ठेवले.

दुसरा घास तिने बोटांत वळला आणि हात तोंडाशी येता येता थांबला. समोर ताट एकच होतं. मागे तो बसला होता. त्याच्या श्वासाचा आवाज येत नव्हता, पण तिथून गारठा येत होता, उघड्या दारातून यावा तसा. पोराच्या आधी ती आयुष्यात कधी जेवली नव्हती. उंबऱ्यातून आत आल्या आल्या त्याला तिने रोज एकच गोष्ट विचारली होती. जीभ मनाचं ऐकेना…

"आणि तू रे… तू जेवलास का?"

पाण्याचं भांडं दगडावर आपटलं.

"नाही गं, आई…" अगदी कानाशी. "भूक फार लागते. पण…"

पुढे काही आलं नाही. धूर विरला. चटईच्या जागी ओलं शेवाळ होतं. तिच्या चिमटीत घास होता, तो गार, दगडासारखा झाला होता.

मलेमिया आणि एनिफा हाका मारत तिथे पोचले तेव्हा ती तशीच बसली होती. काय झालं ते तिने सांगितलं. म्हातारा मटकन खाली बसला.

"एवढं विचारायला नको होतं गं, बाई…"

"मग दुसरं काय विचारणार होती ती?" एनिफा त्याच्यावर ओरडली, आणि नाम्बेवेला कवेत घेऊन मोठ्याने रडू लागली.

नाम्बेवे त्यानंतर दोनदा वर गेली. त्या शिळेपाशी दिवसभर बसली. काही मांडलेलं नव्हतं. मग गुडघ्यांनी तिला खालीच ठेवलं.

आता ती रोज दिवेलागणीला स्वयंपाक करते आणि पहिलं ताट दाराबाहेर, डोंगराच्या बाजूला ठेवते. शेजारी आधी म्हणायचे, कोंबड्यांची चंगळ आहे. आता कुणी काही म्हणत नाही. कारण त्या ताटाला कोंबडी शिवत नाही, कुत्रं हुंगत नाही, मुंगीसुद्धा चढत नाही. सकाळी ताट उचलायला एनिफाच येते. नाम्बेवे आतूनच विचारते, "जेवला का गं?"

एनिफा ताटावर वाकून बघते. न्सीमाच्या गोळ्यावर बोटांचे खोल ठसे असतात, एकावर एक, रात्रभर कुणीतरी घास तोडायला धडपडावं तसे. आणि ताटातलं कणभरही कमी झालेलं नसतं.