बशीतलं जुनं कार्ड

चाळिसाव्याचे कागद चिकटवायचे, एवढंच ल्युबेनचं त्या सकाळचं काम होतं. वडिलांचा, स्तामेनचा फोटो आणि खाली 'आज चाळीस दिवस झाले' अशी ओळ. एक कागद घराच्या दारावर, एक चर्चच्या फाटकावर, एक बसथांब्यावर. पण तो निघणार तोच घरातला जुना फोन खणखणला आणि लिस्बनहून धाकटी बहीण झ्लातिना म्हणाली, "दादा, मुलगी झाली." मग काय, स्वारी हवेतच. बसथांब्यावर त्याने वडिलांना चक्क उलटं चिकटवलं आणि पोस्टमनने हटकल्यावर परत जाऊन सुलटं केलं.

थडग्यावर वाईन ओतून झाली, उकडलेला गोड गहू वाटून झाला, मंडळी राकियाची दारू पिऊन आपापल्या घरी गेली. तरी वेलिकाचे, ल्युबेनच्या आईचे, पाय जमिनीला लागत नव्हते. अंगावर काळे कपडे आणि चेहऱ्यावर हसू, हे बरं दिसत नाही म्हणून बिचारी दिवसभर ओठ दाबून होती.

"चारला फोन करणार आहे ती," वेलिका म्हणाली. "कॉम्प्युटरवर. बाळ दाखवणार. आणि आज चाळिसावा आहे, ल्युबेन."

"माहीत आहे, आई."

"नुसतं माहीत असून काय उपयोग? दिवस मावळेपर्यंतच तुझे बाबा या घरात आहेत. नातीचं तोंड बघून जाऊ देत त्यांना."

त्या डोंगरातल्या गावात हे कुणी कुणाला समजावून सांगत नाही. मेल्यावर चाळीस दिवस माणूस घरातच वावरतो, मग निघतो. अडचण होती ती स्तामेनच्या जुन्या लॅपटॉपची. त्याच्यातलं वायफायचं कार्ड इतकं म्हातारं, की मिनिटभर चित्र दिसायचं आणि मग सगळं थिजायचं. शेवटच्या वेळीही तसंच झालं होतं. लेकीचा चेहरा पडद्यावर गोठला आणि स्तामेन काचेवर बोट आपटत म्हणत राहिला, "थांब, जाऊ नकोस." त्याच आठवड्यात तो गेला.

नवं कार्ड त्याने आणून ठेवलं होतं. लेकीला दिवस गेल्याचं कळलं त्याच महिन्यात. पण बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी घरात काही आणू नये, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. स्तामेनने त्यावर पळवाट काढली. पाकीट फोडायचंच नाही. वर लिहिलं, 'बाळ आल्यावर उघडणे', आणि ते कपाटात टाकलं.

"आणायलाच नको होतं," वेलिका पाकीट हातात घेऊन म्हणाली. "नशिबाला फसवायला गेले."

"आई, ते दे इकडे."

तीन वाजता ल्युबेनने लॅपटॉप पालथा केला. आधी बॅटरी काढून खिडकीत ठेवली, ही वडिलांचीच शिकवण. मग मागचे आठ स्क्रू. नखाएवढ्या टोप्यांच्या दोन तारा, एक काळी, एक पांढरी. त्या सोडवल्या आणि जुनं कार्ड उचलून बाबांच्या फोटोपुढच्या गव्हाच्या बशीत कडेला ठेवलं.

"बाबांच्या नजरेखाली असू दे," तो म्हणाला.

नवं कार्ड बसलं, पण तारा काही बसेनात. आनंदाने घाई अशी झाली होती की काळी बसली की पांढरी सुटायची.

"झालं?" वेलिकाने सातव्यांदा विचारलं.

"माझ्या मानेवर श्वास सोडू नकोस."

"तुझे बाबा असते तर एव्हाना..."

"बाबा असते तर अजून चष्मा शोधत असते."

ती खुदकन हसली. मग थांबली. "ल्युबेन... कसला वास येतोय?"

त्यालाही येत होता. तापलेल्या धुळीचा. हा लॅपटॉप तासभर चालला की यायचा तोच. पण लॅपटॉप पोट उघडून टेबलावर पडला होता आणि बॅटरी खिडकीत होती. 'स्टोव्ह असेल,' असं ल्युबेनने स्वतःला सांगितलं. स्टोव्ह पेटवलेलाच नव्हता.

चारला पाच कमी असताना यंत्र सुरू झालं. चारला झ्लातिना आली, स्वच्छ, लख्ख, कुठेही न अडखळता. तिच्या कुशीत लाल तोंडाचा एक गोळा जांभई देत होता. वेलिका हसत होती आणि रडत होती. ल्युबेनला तर नाचावंसं वाटलं. असा आनंद त्या घरात चाळीस दिवसांत कुणी पाहिला नव्हता.

"आता दिसलात," झ्लातिना म्हणाली. "मघाशी नुसता काळोख होता."

"मघाशी म्हणजे?"

"तिला तपासायला नेणार होते, म्हणून मी सव्वातीनलाच केला होता ना. अर्धा तास दाखवलं की बाळ. बोटंसुद्धा मोजून दाखवली. तू नुसता खोकत होतास, दादा. आणि मी ठेवते म्हटलं की एकच... 'थांब, जाऊ नकोस.'"

ल्युबेनने खिडकीतून उचलून लावलेल्या बॅटरीकडे पाहिलं. सव्वातीनला ती अजून खिडकीतच होती.

वेलिकाला मात्र भीती शिवलीही नाही. "पाहिलं त्यांनी," ती म्हणाली. "पाहिलं बाई एकदाचं." दिवस मावळताना तिने खिडकी सताड उघडली, नवऱ्याला सुखाने जा म्हणाली आणि त्या रात्री चाळीस दिवसांत पहिल्यांदाच गाढ झोपली.

ल्युबेनने झोपण्याआधी लॅपटॉप बंद केला आणि बॅटरी काढून ठेवली. का, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

सकाळी घरातला फोन वाजला. झ्लातिनाचा आवाज दमलेला होता.

"दादा, तिकडून कॉल बंद कर ना. रात्रीपासून चालू आहे. मी इकडे बंद करते, तो पुन्हा लागतो."

"झ्लातिना, इथे काहीच..."

"पडद्यावर काळोख आहे नुसता. आणि बाळ झोपतच नाही रे... त्या काळोखाकडेच बघत राहतं."

ल्युबेन खोलीत आला. लॅपटॉप मिटलेला होता, बॅटरी खिडकीत होती. खोलीभर तापलेल्या धुळीचा वास होता. फोटोपुढच्या बशीत जुनं कार्ड होतं आणि त्याच्या कडेने गव्हावरची साखर विरघळून पिवळी झाली होती.

वेलिका त्याच्या मागून आली. तिने बशीवर हात धरून पाहिला आणि तिचा चेहरा पडला. मग गुत्त्यावरून नवऱ्याला जेवायला बोलवायची त्याच सुरात ती हळूच म्हणाली, "अहो, पाहिलंत ना? पुरे आता. निघा."

ल्युबेनने कार्डाला बोट लावलं आणि चटका बसून झटकन मागे घेतलं.

साखर आता करपायला लागली होती.