उलट्या तोंडाचा हेरिंग

आमच्या फुटबॉलच्या मैदानावर नवखा माणूस ओळखायला मला फार वेळ लागत नाही. तो मटणाची पाई मधोमध चावतो.

जानेवारीतला शनिवार होता. समुद्रावरून धुकं इतकं चढलं होतं की पलीकडचा गोल दिसत नव्हता. तिकडे काय चाललंय ते आरडाओरड्यावरूनच कळायचं. मध्यंतराला माझ्या पाईच्या टपरीच्या खिडकीपुढची रांग ओसरली आणि शेवटी उरला एक उंच, राखाडी मफलरवाला तरुण. त्यानं पाई घेतली, मधोमध चावली... आणि मटणाचा कढत रस हनुवटीवरून थेट बाहीत.

"कडेनं खायची असते," मी म्हणाले. "आधी कड मोडायची, वाफ जाऊ द्यायची."

"हे आधी सांगायचं असतं," तो म्हणाला.

"आधी सांगितलं तर आम्ही दुपारभर हसायचं कशाला?"

तो हसला. थंडीनं त्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता, आणि हसताना तो अजूनच लाल दिसला. मी कागदी रुमाल दिला, वर बोव्हरिलचा पेला दिला. मांसाचा तो काळा, खारट, कढत रस पोटात गेल्याशिवाय पोर्ट अर्लिनमध्ये जानेवारी निभत नाही. त्यानं एक घोट घेतला, डोळे मिटले आणि तक्रार न करता दुसराही घेतला. तिथंच तो मला थोडा आवडला असावा.

खेळ पुन्हा सुरू झाला, तरी तो जागचा हलेना. मैदानाकडे त्याची पाठ होती. तो बघत होता माझ्या टपरीवरच्या उंच भिंतीकडे. तिथं आमच्या क्लबचं चिन्ह रंगवलेलं होतं : निळी ढाल, वर बुरूज, खाली एकाखाली एक तीन हेरिंग मासे.

"मधल्या माशाचं तोंड उलट्या बाजूला आहे," तो म्हणाला. "ढालीवरचे प्राणी सगळे एकाच दिशेला बघतात. आपल्या डाव्या हाताला. असा नियम आहे."

"आमचा मासा नियम पाळत नाही," मी म्हणाले. "तो मागे बघतो. आपलं कुणी मागे राहिलं नाही ना, ते बघायला. माझ्या आईनं काढलाय तो. मी अकरा वर्षांची असताना ती गेली."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "तुमच्या आईनं..." एवढंच म्हणाला तो, आणि हातातली पाई तशीच गार होत राहिली. मला वाटलं, किती हळव्या मनाचा माणूस आहे.

त्याचं नाव स्ट्रूअन. एडिंबराला जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात कामाला. मी इशबेल, शनिवारी पाई विकते, एरवी शाळेच्या स्वयंपाकघरात असते. माझे बाबा, डॉड गेडिस, हे मैदान सांभाळतात आणि त्यावरून कुणी बुटानं गवत उकरत गेलं की आठवडाभर त्याच्याशी बोलत नाहीत.

घरच्या मैदानावर सामना असला की स्ट्रूअन यायचा. आधी मध्यंतराला यायचा, मग सामन्याच्या दोन तास आधी. दुपारी आम्ही चर्चच्या आवारात फिरायचो. तो शेवाळलेल्या थडग्यांवरून बोटं फिरवत मला ढाली वाचून दाखवायचा. ही सुताराची, ही करवत बघ. ही पिंपं करणाऱ्याची. गावाला तीन हेरिंग कसे मिळाले तेही त्यानं सांगितलं : किनाऱ्यावर राजाची फौज उपाशी पडली होती, आमच्या तीन होड्यांनी तिला खाऊ घातलं, म्हणून राजानं तीन मासे गावाच्या ढालीवर दिले. मला ही गोष्ट पाळण्यात असल्यापासून पाठ होती. मी ती पहिल्यांदाच ऐकतेय असं तोंड करून ऐकली.

फेब्रुवारीत ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. तो मागच्या दारानं टपरीत शिरून भट्टीत पाई लावायला शिकला. जागा एवढीशी की त्याचं कोपर माझ्या कोपराला लागायचं... आणि किती पाई आत घातल्या ते मी विसरायची. खिडकीपुढची म्हातारी मंडळी खाकरायची. कुणीतरी विचारायचं, "पोरी, आज पाई मिळणार का, की नुसती वाफच?" मी कान लाल करून पेले भरायची. मी सुखात होते, हे कबूल करायला हरकत नाही.

मार्चमध्ये क्लबला पत्र आलं. आमच्या देशात ढालीवरचं चिन्ह वापरायचं तर त्याची सरकारदरबारी नोंद लागते, आणि गावाचं चिन्ह गावाशिवाय कुणाला वापरता येत नाही. कायदा साडेतीनशे वर्षांचा. चार वर्षांपूर्वी कुणीतरी तक्रार केली होती, तिचा आता निकाल लागला होता : मोसम संपेपर्यंत चिन्ह काढावं. शर्टावरून, कागदांवरून, भिंतीवरून. बाबांनी पत्र टपरीत उभ्याउभ्या वाचलं, चार घड्या घातल्या आणि गवत कापायला निघून गेले. गवत कालच कापलं होतं.

पुढच्या शनिवारी गावभर एकच विषय : तक्रार केली कुणी? शेजारच्या गावाची नावं घेऊन झाली, जुनी भांडणं उकरून झाली. मध्यंतराच्या जरा आधी स्ट्रूअन खिडकीशी आला. मागच्या दारानं आला नाही, तेव्हाच मला काहीतरी टोचलं.

"ती तक्रार," तो म्हणाला, "माझी होती, इशबेल."

मी हातातला चिमटा खाली ठेवला. तो सांगत गेला. तेव्हा तो शिकत होता, एकवीस वर्षांचा होता. कुठंतरी आमच्या भिंतीचा फोटो पाहिला, उलट्या माशावरून मित्रांबरोबर हसला, आणि आपण किती हुशार ते दाखवायला कलमं काढून पत्र लिहिलं. मग विसरून गेला. डिसेंबरात कळलं की निकाल होतोय, तेव्हा निदान मैदान तरी बघावं म्हणून आला होता.

"म्हणजे जानेवारीतच तुला कळलं, ते कुणी काढलंय."

"हो."

"आणि तू माझ्या पाई भट्टीत लावत राहिलास."

"तक्रार मागे घ्यायला त्या कचेरीत गेलो होतो, दोनदा. एकदा त्यांच्या नजरेला आलं की त्यांना सोडता येत नाही म्हणाले. तुला सांगायला रोज निघायचो... आणि भ्यायचो." त्यानं खिडकीची फळी घट्ट धरली होती. "माझं तुझ्यावर प्रेम आहे. हे सांगायला याहून वाईट वेळ नसेल. पण आहे."

मी झडप खाली ओढली. त्या दिवशी अर्धं गाव पाईवाचून राहिलं, आणि त्याबद्दल मला महिनाभर ऐकून घ्यावं लागलं. मी चिडले होते. त्याहून वाईट म्हणजे, दर शनिवारी दोन वाजले की माझी नजर फाटकाकडे जायची.

एप्रिलअखेर मोसम संपला. शर्टावर आता नुसती गोल चकती आणि अक्षरं येणार होती. उरली भिंत. गावातल्या रंगाऱ्याचा खांदा अचानक दुखायला लागला. दुसऱ्याला पाहुणे आले. बाबांनी स्वतः चुन्याची बादली काढली, भिंतीखाली वीस मिनिटं उभे राहिले आणि बादली परत ठेवून आले. त्या संध्याकाळी मी स्ट्रूअनला दोन ओळी लिहिल्या. तुझ्या पत्रानं गेलंय, तर हातानंही तूच पूस. रविवारी दहाला ये.

तो पावणेदहालाच आला. बाबांनी शिडी लावून दिली.

"वरून सुरू करू की खालून?" त्यानं विचारलं.

"वरून," बाबा म्हणाले. "चुना ओघळतो."

बुरूज गेला. पहिला मासा गेला. मधल्या माशापाशी त्याचा ब्रश थांबला, आणि बराच वेळ थांबूनच राहिला. मी खाली हाताची घडी घालून उभी होते. मला वाटत होतं, हा मासा गेला की आई दुसऱ्यांदा जाणार, आणि या खेपेला मी स्वतः माणूस बोलावून आणलाय.

"चूक होती ती," बाबा अचानक म्हणाले.

आम्ही दोघांनी त्यांच्याकडे बघितलं.

"पुठ्ठ्याचा एकच साचा कापला होता तिनं. मी खाली उभा राहून तिला हसवत होतो, अन् दुसऱ्या माशाला तिनं साचा उलटा धरला. मागं बघतो बिघतो, ते तिनं नंतर रचलं, लोक विचारायला लागल्यावर." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "दहा वेळा म्हणाली, डॉड, तेवढा सरळ कर. मी केला नाही. दर शनिवारी इथं येऊन वर बघायची अन् जीभ चावायची. ते बघायला मला फार आवडायचं, इश." मग वर बघून म्हणाले, "पूस, पोरा. भिंत आहे ती."

स्ट्रूअननं मासा पुसला. त्याचे खांदे हलत होते. मीही रडले, पण कित्येक वर्षांत पहिल्यांदाच मला आई हसताना डोळ्यांसमोर आली : शिडीवर, हातात पुठ्ठा घेऊन, स्वतःच्या चुकीवर जीभ चावणारी. एवढी वर्षं मी तिला भिंतीवर फार गंभीर करून ठेवलं होतं.

तो खाली उतरला. चुन्याखालून निळा रंग अजून दिसत होता.

"एका हातात बसत नाही," बाबा म्हणाले. "वाळू द्या. दुपारी दुसरा हात द्यावा लागेल." आणि ते चहा ठेवायला घरी गेले. एवढ्या सकाळी ते कधी चहा पीत नाहीत.

"दुसरा हात देतो आणि जातो," स्ट्रूअन माझ्याकडे न बघता म्हणाला. त्यानं माफी मागितली नाही. ती मागून भागणार नाही हे त्याला कळलं होतं, आणि मलाही कळलं की त्याला कळलंय.

"दुसरा हात मी देणार आहे," मी म्हणाले. "तू शिडी धर."

दुपारी मी वर चढले. तोंड भिंतीकडे असलं की काही गोष्टी बोलायला सोप्या जातात.

"स्ट्रूअन."

"हं?"

"माझंही आहे."

खाली शिडी जरा हलली.

"काय म्हणालीस?"

"ऐकलंस ते."

"नाही ऐकलं... वारा होता."

वारा अजिबात नव्हता. मी ब्रश बादलीत ठेवला, शिडीवरच मागे वळले आणि त्याच्या तोंडाकडे बघून पुन्हा सांगितलं. या खेपेला अख्खं वाक्य.