जरबेराचा शेजार

"तितंच थांबा. आधी पाय बुडवा."

पॉलिहाऊसच्या दारात तो उभा होता, गुडघ्यापर्यंत खाचराचा चिखल माखून. "वरच्या मळ्यातल्या महिपतीभाऊंकडं निघालो होतो... वाट चुकलो," म्हणाला. दाराशी ठेवलेल्या औषधाच्या पाण्यात त्यानं मुकाट पाय बुडवले आणि हसला. मला कुठलं हसू येतंय! चिखल पाहिला की माझा जीव धसकायचा. मागच्या खेपेला चिखलातून आलेल्या मूळकुजीनं आमचा सगळा जरबेरा गेला होता. आबांनी बजावलं होतं, "परत असं झालं तर हे मोडायचं, प्रेरणा. जागा हॉटेलवाल्याला द्यायची."

म्हणून यंदा मी सगळी माती वाफवून घेतली होती. हा वाट चुकलेला निघाला आदिनाथ, घोरावाडीच्या जिवाणू खतवाल्यांकडचा. त्याच्या पिशवीत मुळांची राखण करणारे जिवाणू होते. घेतले, घातले.

तरी कडेच्या रोपानं मान टाकलीच. उपटलं तर मुळं काळी. फोन केला तसा आदिनाथ धावत आला. रोप हातात घेऊन त्यानं काळी मुळं पुन्हा पुन्हा पुसून पाहिली.

"तुमीबी घाबरलात?"

"लय. जिवाणू माझेच ना... माती वाफवली होती?"

"व्हय. एक जीव ठेवला न्हाई."

"तिथंच चुकलं. एकटे पडले की ते सुस्तावतात. दुसऱ्या जिवाणूंचा शेजार असला की बुरशी मारणारं औषध जोमानं सोडतात."

"कुनाचाबी शेजार चालतो?"

"नाही. काही शेजारी त्यांनाच गप्प बसवतात. आधी एका वाफ्यात बघू."

"आन् शेजारी वाईट निघाला तर?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं... "मलाही तीच भीती आहे."

माझे कान तापले.

बांधावर आईचा जुना जरबेरा होता, कधीच न कुजलेला. त्याच्या मुळांशी चांगले शेजारी असणार, म्हणून तिथली माती आम्ही एका वाफ्यात कालवली. मग रोज एक रोप उकरून बघायचं. मी डोळे मिटायचे, तो माझं मनगट धरायचा. बाकीच्या वाफ्यांत रोपं मरतच होती. एकदा आबा टेप घेऊन आले, जागा मोजून गेले.

शेवटी एका सकाळी आबाच उकरायला बसले.

"डोळं उघड, पोरी."

पांढरीशुभ्र मुळं. दुसऱ्या रोपाची, तिसऱ्याचीही. आबांनी मुळं परत मातीत पुरली. मग म्हणाले, "उरलेल्या वाफ्यांतबी घाला ती माती."

दुपारी आदिनाथनं बातमी ऐकली आणि दारातच घुटमळला. "म्हणजे... आता मला यायचं कारण उरलं नाही."

सकाळी गेलेली भीती परत छातीत येऊन बसली.

"एकटं पडलं की सुस्तावतं, तूच म्हनलास," मी म्हणाले. "मला तुजा शेजार पायजे."

"आणि शेजारी वाईट निघाला तर?"

"आधी एका वाफ्यात बघू."

तो हसत आत यायला निघाला.

"पाय," मी म्हणाले, आणि या खेपेला मलाही हसू आलं.