दोनशे अडतीस व्होल्ट

दिपमालाच्या कॅमेऱ्यावर एका परक्या माणसाचा तळहात येऊन बसला, आणि तोही ऐन घाईच्या वेळी.

धुळ्याच्या देवपुरातलं मंगल कार्यालय, डिसेंबरातली सकाळ, दहाचा सुमार. वऱ्हाडी चहाच्या दुसऱ्या फेरीवर आले होते आणि आत नवरीच्या हातात चुडा भरणं चाललं होतं. दिपमालाने खिडकीच्या कट्ट्यावर बॅग उघडली होती. नानांचा जुना फ्लॅश ती नव्याकोऱ्या कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत सरकवणार, तेवढ्यात हा हात आला. मनगटात घड्याळ नव्हतं, काळ्या टेपची गुंडाळी बांगडीसारखी अडकवलेली होती.

"हा फ्लॅश याच्यावर लावू नका," हाताचा मालक म्हणाला.

"का? कॅमेरा तुमचा आहे?"

"नाही, तुमचा आहे. म्हणून तर सांगतोय."

तिने वर पाहिलं. सावळा, किडकिडीत, डोक्यावर मांडवातली धूळ, आणि डोळे मात्र असे हसरे की रागावणाऱ्याची पंचाईत व्हावी. दिपमाला तरीही रागावली. तिला आज रागावायला पुरेसं कारण होतं.

फैजपूरला तिच्या वडिलांचा, चुडामण नानांचा, तीस वर्षांचा फोटो स्टुडिओ. नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि या हंगामात त्यांना घरी बसावं लागलं. चुलतभाऊ तेजसला त्या जागेत मोबाइलचं दुकान टाकायचं होतं, आणि घरात बरेच जण त्याच्या बाजूचे होते. शेवटी नानांनी निवाडा केला होता... गावातल्या कामिनीचं लग्न धुळ्याला आहे, दिपमालाने त्याचे फोटो एकटीने काढावेत. नीट आले तर स्टुडिओ तिचा. बिघडले तर जागा तेजसची. आणि निघताना त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्या बॅगेत हा जपानी फ्लॅश ठेवला होता. शेकडो लग्नं उजळून काढलेला तो फ्लॅश दिपमालाच्या बारशालाही होता.

"माझ्या नानांनी तीस वर्षं वापरलाय हा," ती म्हणाली.

"तेव्हाच्या कॅमेऱ्यात नुसते धातूचे दोन तुकडे एकमेकांना टेकायचे. त्यांना कितीही व्होल्ट चालायचे. तुमच्या कॅमेऱ्यात त्या जागी नाजूक सर्किट आहे." त्याने खिशातून व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर काढला. लग्नात लोक खिशातून सुपारी काढतात तसा. "दोन मिनिटं द्या. मी चुकलो तर दिवसभर तुमची बॅग उचलीन."

तो नवरदेवाचा चुलतभाऊ निघाला. नाव भूषण. तिथेच देवपुरात त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं... मिक्सर, पंखे, देवळांचे अ‍ॅम्प्लिफायर. मांडवातल्या लायटिंगची जबाबदारी त्याच्या गळ्यात होती, म्हणून मीटर खिशात. त्याने फ्लॅशमध्ये नवे सेल घातले, तो चालू केला. भरताना फ्लॅशने बारीक शीळ घातली आणि दिपमालाने भुवया उंचावल्या.

"मी नाही," तो घाईने म्हणाला. "शीळ फ्लॅश घालतोय."

लाल दिवा लागला. त्याने मीटरची एक सुई फ्लॅशच्या पायाखालच्या मधल्या टाचणीला लावली, दुसरी कडेच्या पत्र्याला, आणि मीटर तिच्यासमोर धरला. तिने आकडा वाचला. मग पुन्हा वाचला. दोनशे अडतीस.

"आणि माझा कॅमेरा किती सोसतो?"

"ते त्याच्या पुस्तिकेत असतं. काही कंपन्यांचे बरेच सोसतात, काही सहाच्या वर नाही. माहीत नसेल तर सहाच धरायचे."

पुस्तिका फैजपूरला कपाटात होती. दिपमालाने ती उघडलीही नव्हती, आणि ही गोष्ट तिने त्याला सांगितली नाही. लगेच जळला असता का, एवढं तिने विचारलं. सांगता येत नाही, तो म्हणाला. एखादे वेळी पहिल्याच फोटोला, एखादे वेळी दहा लग्नं चालतो आणि अकराव्याला, नवरी समोर उभी असताना, मान टाकतो. दिपमालाने कॅमेरा छातीशी धरला. दोन सेकंद उशीर झाला असता तर... तर काय, तेजसचं दुकान.

पण हॉल अंधारा होता. उंच छत, लाल पडदे. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या चिमुकल्या फ्लॅशने तिथे पहिल्या रांगेच्या पलीकडे काही दिसलं नसतं. भूषणने एकदा छताकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि कोणाची तरी मोटारसायकल घेऊन तो गेला. दहा मिनिटांत परत आला तेव्हा त्याच्या मुठीत बोटाच्या पेराएवढा एक काचेचा डोळा होता. बंद पडलेल्या एका स्टुडिओच्या भंगारात त्याला तो मिळाला होता. खास जुन्या फ्लॅशसाठी बनवलेला. त्याला उजेड दिसला की तो ज्याला जोडलाय त्या फ्लॅशला पेटवतो. म्हणजे तिच्या कॅमेऱ्याने आपला छोटा फ्लॅश उडवायचा, तो या डोळ्याने बघायचा, आणि नानांचा फ्लॅश लांबवर उडायचा. दोघांमध्ये तार नाही, स्पर्श नाही.

"स्पर्श नाही ते बरं," तो म्हणाला, "दोनशे अडतीस व्होल्ट आहेत."

दिपमाला हसली. हसायचं नव्हतं, पण हसली.

"आणि तो लांबवर धरणार कोण?"

"बॅग उचलायचं वाचलंय माझं. हात मोकळे आहेत."

पहिले चार फोटो काळेकुट्ट आले. फ्लॅश उडत होता, हॉल उजळत होता, भूषणच्या हातात वीज चमकत होती, आणि फोटोत मात्र अमावस्या. चुड्याचे फोटो हातचे जाणार होते. भूषणने फ्लॅश हातात फिरवून पाहिला. फ्लॅशचा काही दोष नाही, तो फक्त जरा लवकर उडतोय, असं त्याचं म्हणणं. लवकर? दिपमालाने आपल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नवा कॅमेरा फोटोआधी एक इवलीशी चमक टाकून उजेड जोखतो, आणि फोटोची खरी चमक त्यानंतर येते. जुना फ्लॅश त्या आधीच्या चमकेलाच उडून रिकामा होत होता.

"म्हणजे तुमचा कॅमेरा आधी डोळा मारतो," भूषण म्हणाला.

"आणि तुमचा फ्लॅश पहिल्याच इशाऱ्याला भुलतो," ती म्हणाली, आणि आपण हे काय बोललो म्हणून तिने पटकन मान खाली घालून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये डोकं घातलं. छोटा फ्लॅश तिने मॅन्युअलवर टाकला. डोळा मारणं बंद.

पाचवा फोटो असा आला की दोघंही एकाच वेळी कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकली आणि त्यांची डोकी आपटली. हिरव्या चुड्यावर बाजूने पडलेला मऊ उजेड, कामिनीच्या गालावर पापण्यांची सावली. दिपमालाला आनंदाने ओरडावंसं वाटलं.

मग सगळी सकाळ तशीच गेली. ती इकडे, तो तिकडे. तिने नुसतं बघितलं की तो सरकायचा. एक पाऊल डावीकडे... थोडं वर... बस्स. फ्लॅश भरायला दहा सेकंद लागायचे, आणि त्या दहा सेकंदांत दोघांना एकमेकांकडे बघण्यापलीकडे काही कामच नसायचं. समजूतदार फ्लॅश होता, त्याने पुरेसा वेळ दिला. वरण-बट्टीचा वास हॉलभर पसरला होता, वाजंत्री बेसूर वाजत होती, आणि दिपमालाला वाटत होतं की आजचा दिवस नुसता पळतोय, जरा हळू चालला तर काय बिघडेल.

लग्नघटिका भरली. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला. नवरदेव जितेंद्रला मित्रांनी उचलून धरलं, कामिनीच्या भावांनी तिला उचललं, आणि हार पडला. फोटोंतला फोटो तो हाच. दिपमालाने बटण दाबलं.

पडद्यावर पांढरं. सगळंच्या सगळं पांढरं, नवरा नाही, नवरी नाही. पुढच्या फोटोसाठी दहा सेकंद, आणि तेवढ्यात हार गळ्यात पडून फोटोची वेळ निघून गेली होती.

नवरदेवाच्या मोठ्या आत्या, यशोदाबाई, खांद्यावरून डोकावल्या. धुळ्यात त्यांचा शब्द खाली पडत नसे.

"हाई काय शे?" त्या अहिराणीत म्हणाल्या. "लगीन व्हई गयं नि हारना फोटोच नही? कोनी आनी हाई फोटोवाली?"

वाजंत्री थांबली. माना वळल्या. फैजपूरच्या मंडळींत तेजसचे सासरे बसले होते, संध्याकाळपर्यंत ही बातमी नानांच्या अंगणात पोचणार होती. उजेडाचा कोन तिनेच ठरवायचा असतो.

तेवढ्यात गर्दीतून भूषण पुढे आला. हातात फ्लॅश तसाच.

"आत्या, तिनी चूक नही. चूक मनी शे. फ्लॅश नवरीकडे धराना व्हता, मी तिनाकडे धरा."

"का बरं?"

दोनशे माणसं ऐकत होती, त्यातली शंभर त्याच्या नात्यातली.

"मी तिनाकडेच दखी ऱ्हायंतू," तो म्हणाला. "सकाळपाइन."

सकाळपासून तो तिच्याकडेच बघत होता, आणि हे त्याने सगळ्या मांडवासमोर सांगितलं होतं. दिपमालाचे कान तापले, गाल तापले, कॅमेरा हातातून निसटतोय असं वाटलं. आणि मग बोहल्यावरून, भावांच्या खांद्यावरून, कामिनी खळखळून हसली. तिने स्वतःच्या गळ्यातला हार काढला, नवऱ्याच्या गळ्यातला काढून घेतला, आणि जाहीर केलं की हार परत घालायचा, या वेळी भूषणभाऊजींनी डोळे मिटून उभं राहावं. आत्यांचं तोंड उघडं राहिलं, मग त्यांनाही हसू आवरेना. सगळा मांडव हसत असताना हार दुसऱ्यांदा पडला आणि दिपमालाने बटण दाबलं. डोळ्यांत पाणी होतं, तिला धड दिसतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फैजपूरला नानांनी काळा चष्मा काढून, पडद्याला नाक लावून, एकेक फोटो पाहिला. हसऱ्या नवरीच्या फोटोपाशी ते बराच वेळ थांबले.

"असा फोटो मले तीस वर्सात नाही भेटला," ते म्हणाले. मग मागे जाऊन पांढऱ्या फोटोवर आले. तेजसच्या सासऱ्यांकडून त्यांनी सगळं ऐकलेलं होतं, हे दिपमालाला माहीत होतं. "हा पुसला नाही व?"

"नाही."

नानांनी चष्मा परत लावला. "पोरगं दिवसभर हात वर करून उभं राह्यलं. हातले भार होते त्या फ्लॅशचा. मी एक स्टँड घेऊन देतो तुले. मंग मानसाची गरज नाही."

दिपमाला चुळबुळली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. हो म्हणणं सोपं होतं.

"स्टँड नको, नाना," ती म्हणाली.

नानांनी उठून भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली स्टुडिओची किल्ली काढली आणि तिच्यासमोर ठेवली. पुढचं लग्न दोंडाईचाला आहे, त्या पोराला विचार, एवढंच बोलून ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

तिने तिथल्या तिथे फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला, म्हणजे तो हातातच होता. दोंडाईचाचं सांगून झालं. तो येतो म्हणाला. त्याच्या पुढच्यालाही येतो म्हणाला. पण फोन काही त्याने ठेवला नाही.

"दिपमाला... आणि आपलं असेल तेव्हा? मी बोहल्यावर, तू बोहल्यावर. फ्लॅश कोण धरणार?"

दिपमालाने दारातून बाहेर पाहिलं. ओट्यावर नाना पाठमोरे बसले होते आणि कान मात्र आतच होते.

"नाना धरतील," ती मोठ्याने म्हणाली.